तीन सुऱ्या, तीन म्याने

माझी २४० मिलिमीटरची ग्युतो, म्हणजे स्वयंपाकघरातली जपानी धाटणीची सुरी, तयार म्यानातून निसटून फरशीवर पडली आणि तिच्या टोकाचा सुमारे २ मिलिमीटरचा तुकडा उडाला, तोपर्यंत म्यानात पारखण्यासारखे काही असते असे मला वाटत नव्हते. ते म्यान लांबीच्या आकड्यावर विकले जाणारे होते. त्यावर २४० लिहिले होते, म्हणून ते २४०च्या कोणत्याही सुरीला चालणार, असा सरळ हिशेब होता. लांबी खरोखरच जुळत होती; पण पात्याची उंची, पाठीची म्हणजे धारेसमोरच्या कडेची जाडी आणि टोकाकडे जाताना ती जाडी किती उतरते, या तीन गोष्टींविषयी तो आकडा काहीच सांगत नव्हता. म्यानाला सुरी अडवून धरणारी खिट्टी होती, परंतु तिचे भोक पात्याच्या टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापासून, इतके मागे पाडले होते की खिट्टी लावूनही सुरी आत बोटभर पुढेमागे सरकत असे. त्या दिवशी मी घाईत खिट्टी लावलीच नव्हती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

टोक घासून पुन्हा आकारात आणले, सुरी थोडी आखूड झाली आणि त्यानंतर केवळ सुऱ्यांची म्याने घडवणाऱ्या एका कारागिरांकडे मी तीन म्याने करायला दिली. पहिले या ग्युतोसाठी, दुसरे कच्च्या माशाचे काप काढायच्या २७० मिलिमीटरच्या यानागिबासाठी आणि तिसरे भाजी चिरायच्या १६५ मिलिमीटरच्या नाकिरीसाठी. तिन्ही वर्षभर रोजच्या वापरात आहेत. त्यांपैकी एक अप्रतिम उतरले, एक दुरुस्तीला परत पाठवावे लागले आणि एक माझ्याच हट्टामुळे बिघडले.

जपानी भाषेत म्यानाला ‘साया’ म्हणतात. तलवारीचे असो वा स्वयंपाकघरातल्या सुरीचे, शब्द एकच आहे. या सुऱ्यांना म्यान हवेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर पोलादात आहे. माझ्या ग्युतोचा गाभा आओगामी म्हणजे ‘निळा कागद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादाचा आहे. हे नाव रंगावरून पडलेले नाही. कारखान्यात हे पोलाद ज्या रंगाच्या कागदाने ओळखले जाई, त्यावरून पडले आहे. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर बासष्टच्या आसपास असतो. इतके कठीण पोलाद बारीक धार दीर्घकाळ टिकवते, पण ते वाकत नाही, तुटते. खणात ही सुरी चमच्यांवर आपटली की धारेला पापुद्र्याएवढा खड्डा पडतो आणि तो काढण्यासाठी दगडावर तासभर घासत बसावे लागते. शिवाय हे पोलाद गंजते. म्हणून म्यानाची कामे दोन आहेत: धारेला कशाचाही स्पर्श होऊ न देणे आणि पात्याजवळ ओल साठू न देणे. दिसणे हे तिसरे काम आहे आणि ते बरेच मागे आहे.

कारागिरांचे पहिले पत्र वाचतानाच योग्य ठिकाणी आलो याची खात्री पटली, कारण त्यात लाकडाच्या छटांची यादी नव्हती, प्रश्न होते. सुरी कोणत्या हाताची आहे? शेवटची धार कधी लावली? पाते पुढे कधी पातळ करून घेण्याचा विचार आहे का? म्यान खणात राहणार की पिशवीतून फिरणार? सुरी धुतल्यावर लगेच पुसता की निथळत ठेवता? शेवटच्या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले आणि पुढच्या पत्रात मला शांतपणे सांगण्यात आले की निथळत ठेवलेली सुरी म्यानात घालायची असेल, तर म्यान करून घेऊ नये.

मापे घेण्याचे दोन मार्ग असतात: सुरी कारागिरांकडे पाठवणे किंवा तिचा आराखडा कागदावर उतरवून पाठवणे. मी ग्युतो आणि यानागिबा पाठवल्या आणि नाकिरीचा आराखडा दिला. आराखडा काढणे दिसते तितके सोपे नाही. पेन्सिल उभी धरली तरी तिचा मध्य पात्यापासून अर्ध्या जाडीइतका दूर राहतो, म्हणजे रेघ पात्याच्या बाहेरून जाते आणि आकार सगळीकडून जवळजवळ १ मिलिमीटरने फुगतो. पेन्सिल कलली तर किती फुगला याचाही अंदाज लागत नाही. त्यामुळे आराखड्यासोबत व्हर्नियर कॅलिपरने घेतलेली पाठीची जाडी तीन ठिकाणी लिहून द्यावी लागते: टाचेजवळ, मध्यावर आणि टोकापासून १० मिलिमीटर आत. माझ्या ग्युतोची ही मापे ३.६, २.१ आणि ०.९ मिलिमीटर अशी आहेत. पाठ टोकाकडे अशी उतरती असणे हे चांगल्या घडणीचे लक्षण आहे, पण म्यान करणाऱ्याची खरी परीक्षाही तिथेच असते.

याचे कारण म्यानाच्या रचनेत आहे. सर्वात सोपी पद्धत तीन पदरी असते. बाहेर दोन पातळ फळ्या आणि मध्ये पात्याच्या आकाराची जागा कापून काढलेली तिसरी फळी, असे तिन्ही थर चिकटवायचे. मधल्या फळीची जाडी पाठीच्या सर्वाधिक जाडीइतकी ठेवली की सुरी आत जाते आणि तोंडाशी घट्टही बसते. परंतु ती फळी सगळीकडे सारख्या जाडीची असेल, तर ०.९ मिलिमीटरच्या टोकाला आत ३.६ मिलिमीटरची पोकळी मिळते आणि म्यान हलवले की टोक दोन्ही भिंतींवर आपटत राहते. माझ्या जुन्या म्यानाची खडखड याच कारणाने होती. दुसरी पद्धत कष्टाची आहे. एकाच फळीचे उभे दोन भाग करायचे आणि दोन्हींच्या आत पटाशीने पात्याचा अर्धा-अर्धा साचा कोरायचा. तलवारीची म्याने अशीच करतात. ती भाताच्या खळीने जोडतात, म्हणजे पुढे कधी आत गंज किंवा घाण साचली तर सांधा उकलून साफ करता येते. आमच्या कारागिरांनी ग्युतोसाठी मधला मार्ग काढला. म्यान तीन पदरीच, पण मधली फळी तोंडाकडून टोकाकडे रंध्याने उतरती केलेली, आणि म्हणून बाहेरून पाहिले तरी म्यान तोंडाशी साडेअकरा आणि टोकाशी सुमारे ९ मिलिमीटर जाडीचे आहे. टेबलावर आडवे ठेवल्यास हा उतार डोळ्यांना दिसत नाही. हातात घेतल्यावर मात्र अंगठा नकळत टोकाकडे घसरतो.

लाकडाच्या बाबतीत माझा आणि कारागिरांचा छोटा वाद झाला. मला ओकच्या लाकडाची ठसठशीत रेषा हवी होती. त्यांनी साफ नकार दिला आणि कारणही दिले. ओक आणि चेस्टनट यांच्या लाकडात टॅनिन आणि आम्ले भरपूर असतात. थोडीशी ओल मिळाली की लोखंडाजवळचे लाकूड काळे पडते आणि पात्यावर डाग उठतात. राळ असलेले पाइनसारखे लाकूडही ते वापरत नाहीत, कारण राळ पात्याला चिकटते आणि मग पुसून निघत नाही. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या यासाठी ‘हो’ नावाचे लाकूड वापरतात. हा मॅग्नोलियाचाच एक वृक्ष आहे. लाकूड हलके, मऊ, एकसारख्या रेषेचे, जवळजवळ राळरहित आणि किंचित हिरवट करड्या रंगाचे असते. तलवारीच्या म्यानांपासून सुऱ्यांच्या मुठींपर्यंत सगळीकडे तेच दिसते. ग्युतोचे म्यान मी शेवटी ‘हो’चे करून घेतले, यानागिबासाठी चेरी निवडले आणि नाकिरीसाठी मेपल. ‘हो’ इतके मऊ आहे की नखाचा ओरखडाही उमटतो आणि वर्षभरात माझ्या म्यानावर असे आठ-दहा उमटलेही आहेत. पण मऊपणा हाच त्याचा गुण आहे. चुकून धार भिंतीला लागलीच, तर लाकूड हरते आणि धार वाचते.

तिन्ही म्याने मिळून यायला सहा आठवडे लागले. त्यांतला शेवटचा आठवडा केवळ वाळवण्याचा होता. थर चिकटवायला वापरलेला सरस आतून पूर्ण सुकण्याआधी पाते आत गेले, तर तो ओलावा थेट पोलादावर बसतो, असे कारागिरांनी कळवले. मला घाई होती, तरी या बाबतीत त्यांना दोष देता येत नाही.

ग्युतोच्या म्यानाविषयी सांगायचे तर ते कसे बसते, हे आधी कानाला कळते. सुरी तोंडात सरकवताना अर्ध्यापर्यंत काहीच आवाज नसतो, मग हलकी कुजबुज ऐकू येते आणि शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर लाकूड पाठीला दोन्ही बाजूंनी धरते व हवा बाहेर पडल्याचा मंद ‘फुस्स’ असा आवाज येतो. मग खिट्टी न लावता म्यान उलटे धरले तरी सुरी पडत नाही. (खाली घडी केलेला टॉवेल पसरून मी हा प्रयोग केला, फरशीवर पुन्हा हिंमत झाली नाही.) खिट्टीचे भोक टाचेच्या अगदी मागे, जेमतेम १ मिलिमीटर अंतरावर पाडले आहे, त्यामुळे खिट्टी घातली की सुरी मागे सरकायला जागाच उरत नाही. खिट्टी बांबूची आहे आणि दोऱ्याने म्यानाला बांधलेली आहे. हा दोरा बारीकसारीक गोष्ट वाटतो, पण माझ्या आधीच्या म्यानाची खिट्टी तिसऱ्या आठवड्यातच हरवली होती.

धार आत कशालाही लागत नाही ना, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे आणि नवे म्यान घेणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्याच दिवशी करावी. धारेवर टोकापासून टाचेपर्यंत काळ्या मार्करने बारीक रेघ ओढावी, शाई वाळू द्यावी, सुरी पाच-सहा वेळा म्यानात घालून काढावी आणि उजेडात पाहावी. जिथे शाई पुसली गेली, तिथे धार लाकडावर घासते. ग्युतोची रेघ अखंड राहिली. यानागिबाची मात्र टाचेपासून टोकापर्यंत गेली.

यानागिबाचा हा दोष समजून घेण्यासारखा आहे, कारण एकाच बाजूने धार लावलेल्या कोणत्याही सुरीच्या म्यानात तो येऊ शकतो. ग्युतोला दोन्ही बाजूंनी धार असते; तिचे पाते उभे कापून पाहिले तर वर जाड आणि खाली मधोमध निमुळती होत गेलेली पाचर दिसते. म्यानाच्या दोन भिंती पाठीला धरतात आणि धार दोन्ही भिंतींपासून दूर, मध्यावर तरंगत राहते. यानागिबाला उतार एकाच बाजूला असतो. दुसरी बाजू जवळजवळ सपाट असते, केवळ मधोमध किंचित खोलगट, आणि धार त्या सपाट बाजूच्या पातळीतच असते. त्यामुळे ग्युतोच्या पद्धतीने केलेल्या म्यानात यानागिबाची पाठ व्यवस्थित बसते, पण धार एका भिंतीला पूर्ण लांबीभर चिकटून राहते. सुरी आत-बाहेर करताना ती भिंत खरवडली जाते. माझ्या लक्षात हे तिसऱ्या दिवशी आले. पात्याच्या सपाट बाजूवर तांबूस भुकटीची पुसट रेघ दिसली. म्यान उलटे करून तळव्यावर ठोकले, तेव्हा पावडरीसारखा बारीक भुसा पडला. ज्या सुरीने कच्च्या माशाचे काप एकाच ओढीत काढायचे, तिच्या धारेला रोज लाकूड तासायला लावणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

मी छायाचित्रांसह तक्रार कळवली. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि पहिल्या उत्तरात ‘थोड्या वापराने जागा होईल’ असा सल्ला होता, जो मला मुळीच पटला नाही. जागा होईल, ती धार खर्ची पडून होईल. मी पात्याचा आडवा छेद कागदावर काढून पाठवला, तेव्हा मात्र त्यांनी चूक मान्य केली, म्यान स्वखर्चाने परत मागवले आणि बाहेरची एक फळी सोडवून तिच्या आतल्या अंगाला धारेच्या रेषेत उथळ पन्हळ कोरून दिली. पन्हळ १ मिलिमीटरपेक्षा थोडीच खोल आहे, पण तेवढे पुरेसे आहे. आता मार्करची रेघ टिकते. या दुरुस्तीनंतर म्यान फक्त उजव्या हाताच्या यानागिबालाच चालेल, कारण डाव्या हाताच्या सुरीची सपाट बाजू विरुद्ध भिंतीकडे येते. सुरी कोणत्या हाताची, हा प्रश्न पहिल्या पत्रात होताच. त्यांनी तो खिट्टी कोणत्या बाजूने घालायची एवढ्यापुरताच विचारला होता, हे नंतर कळले.

नाकिरीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत शोभण्यासारखे काही नाही. नाकिरीचे पाते आयताकृती, पातळ आणि पाठीला जवळजवळ एकाच जाडीचे असते, त्यामुळे साधे तीन पदरी म्यान आणि एक खिट्टी यांवर काम भागते. मला मात्र खिट्टीऐवजी चुंबक हवे होते. कारागिरांनी दोनदा समजावले आणि मग माझ्या म्हणण्याप्रमाणे एका भिंतीत दोन चुंबक बसवून दिले. परिणाम त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झाला. चुंबक पात्याला सतत एका अंगाला ओढतात, सुरी काढताना ती बाजू लाकडावर घासते आणि भट्टीतून निघालेल्या पात्याचा जो काळा, खडबडीत थर हौसेने राखला होता, त्यावर दोन चमकते गोल उमटले आहेत. धार लावल्यानंतर पाते नीट न धुतल्यास पोलादाचे कण चुंबकावर जमतात, ते वेगळेच. आराखडाही माझाच असल्यामुळे म्यान उंचीला दीड मिलिमीटर ढिले आहे. यातला एकही दोष मी त्यांच्या नावावर टाकू शकत नाही.

दमट हवेचे दिवस आले तेव्हा ‘हो’च्या म्यानाचे तोंड किंचित फुगले आणि सुरी शेवटच्या दोन बोटांवर अडू लागली. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे म्यान कधी आखूड पडत नाही, पण घट्ट होऊ शकते. अशा वेळी सुरी जोराने रेटणे धोक्याचे आहे, कारण हात सुटला तर तो म्यानाच्या तोंडावर आणि पुढे धारेच्या वाटेवरच जातो. मी आठ-दहा दिवस म्यान रिकामे, कोरड्या जागी ठेवले आणि ते पूर्ववत झाले. आतल्या बाजूला तेल किंवा पॉलिश लावलेले नाही आणि ते तसेच योग्य आहे. लावले असते तर ओल आतच कोंडली असती आणि चिकटपणाने भुकटी धरली असती. बाहेरून मेणाचा हात दिलेला आहे, तो वर्षभरात उतरला आणि मी पुन्हा दिला. पात्याला मात्र महिना-दोन महिने न वापरता ठेवायचे असेल, तेव्हा कॅमेलियाच्या तेलाचा पुसट हात फिरवतो. वर्षभरात ग्युतोवर गंजाचा एकही ठिपका नाही. तिच्यावर जो निळसर करडा थर चढला आहे तो पोलादाचा आपला रंग आहे, त्याला गंज म्हणत नाहीत.

‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण मी एकदा अक्षरशः तपासून पाहिली. माझ्याकडे २४० मिलिमीटरची आणखी एक ग्युतो आहे, दुसऱ्या भट्टीतली, पाठीला अर्धा मिलिमीटर पातळ आणि उंचीला ३ मिलिमीटर जास्त. ती या म्यानात तोंडाशीच अडते. घडवून घेतलेल्या म्यानाचा हा तोटा मानायचा की गुण, हे ज्याच्या-त्याच्या गरजेवर आहे. ज्याच्याकडे पाच-सहा सुऱ्या आहेत आणि ज्या वरचेवर बदलत असतात, त्याने प्रत्येकीसाठी म्यान करून घेण्यापेक्षा भिंतीवरची लाकडी पट्टी बरी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दगडावर धार लावत गेले की पात्याची उंची वर्षागणिक थोडी कमी होते आणि टाचही किंचित पुढे सरकते. आज खिट्टी आणि टाच यांत १ मिलिमीटरचे अंतर आहे, ते वाढत जाणार. कारागिरांनी त्यासाठी किंचित जाड खिट्टी आधीच सोबत दिली आहे. ती अजून लागलेली नाही.

कामाचा मोबदला तयार म्यानाच्या काही पट आहे आणि तो नाकिरीसारख्या सुरीसाठी मला जास्त वाटतो. ग्युतोसाठी वाटत नाही. यानागिबासाठी पहिल्या खेपेला वाटला होता, दुरुस्तीनंतर नाही. फक्त नऊ दिवसांचे मौन आणि ते ‘थोड्या वापराने’ हे शब्द अजून मनातून गेलेले नाहीत. बांधणीचा दर्जा मात्र तिन्हींत सारखाच आहे. सांधे डोळ्यांनी शोधावे लागतात, कडा हाताला बोचत नाहीत आणि तोंडाची आतली कड बारीक कानशीने गोलावलेली आहे, म्हणजे टोक आत शिरताना अडखळत नाही. तयार म्यानांत ही कड बहुधा करवतीने कापली तशीच सोडलेली असते.

मागच्या आठवड्यात मी देबासाठी, म्हणजे मासे कापायच्या जाड सुरीसाठी, चौथे म्यान सांगितले. देबाही एका बाजूच्या धारेचीच सुरी, आणि पाठीला ७ मिलिमीटर जाड. कारागिरांच्या प्रश्नपत्रात आता धारेच्या बाजूविषयी एक नवा रकाना आला आहे. त्यासमोर मी ‘एकच, उजवी’ असे लिहिले आणि तरीही पात्याचा आडवा छेद काढून सोबत जोडला.